लॅपटॉपवर दिवसभर एकच भाषण

दिशा,

लाईट आली म्हणून उसाला पाणी द्यायला चाललोय. कपाटातल्या निळ्या पिशवीत तुझा लॅपटॉप हाय. झाकणावर आईनं हळदीकुंकू लावलंय, ते लगेच पुसू नको, रुसेल ती.

श्रीगोंद्याचा दुकानदार मोठे चकचकीत दाखवत हुता. मी म्हणलं, पोरगी पुण्याला युनिव्हर्सिटीत चाललीय, रोज पाठीवर वागवायचाय, लहान अन् हलका दे. बॅटरी दहा तास पुरती म्हणला. फवारणीचा पंप आपण एक टाकी मारून बघितल्याबिगर घेतो का? मग वायर काढायला लावली आन् तिथंच बसलो. चालू ठेवायला कायतरी लावायचं, म्हणून तुझ्या सरांनी माझ्या मोबाईलवर पाठवलेलं तुझं बक्षिसाचं भाषण लॅपटॉपात घालून लावलं. परत परत तेच. दिवेलागणीला बॅटरी संपली, तवा कुठं पैसे दिले.

त्या बक्षिसाला मी आलो न्हवतो. तवा तू शिकायला पुण्याचं नाव काढलं तरी फुगून बसत हुतो. आता दुकानदाराला तुझं भाषण तोंडपाठ झालंय.

मला तर आधीपासूनच हुतं.

नाना