कालव्याच्या नजरेने कळसूबाई

राहुरी, मंगळवार

चि. अजिनाथ यास दाजींचा आशीर्वाद.

तिकडे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील असं धरून चालतो. (माझी विचारू नकोस. डाळीला कुकरच्या किती शिट्ट्या लागतात हे मला या वयात कळलं, यावरून काय ते समज.) तुझी ताई नेवाशाला येऊन आज अकरा दिवस झाले. का आली हे तिने सांगितलं नसणार, म्हणून मीच लिहितो.

कळसूबाईची ओटी भरायचं तिच्या मनात लग्नापासून. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत मी चौतीस वर्षं काढली. शेवटी आपल्या पूजाने (पोरगी हुशार, पण बापावर विश्वास ठेवते) त्या वाटेच्या चढाचा आलेख मोबाईलवर पाठवला आणि विचारलं, बाबा, आईला झेपेल का? आता मला आलेख शिकवणार? पाटबंधारे खात्यात जन्म गेला माझा. कालव्याची लांबी किलोमीटरात आणि उतार बोटभर, म्हणून नकाशात उंची मुद्दाम शंभरपट फुगवून काढतात, नाहीतर नुसती सरळ रेघ दिसेल. त्यामुळे कागदावर कडा दिसला की जमिनीवर ढेकूळ समजायचं, ही माझ्या डोळ्यांची सवय. मी सांगून टाकलं, पाटाच्या कडेने फिरायला गेल्यासारखं जाऊन येऊ. (कडेला आकडे होते. साडेतीन किलोमीटरला आठशे मीटर. चष्मा खिशातच राहिला.)

अजिनाथ, तो डोंगर कुणी फुगवलेला नव्हता रे. तो तसाच होता. पहिल्या लोखंडी शिडीशी पोचेपर्यंत दोन तास गेले, आणि तिथे तुझ्या ताईचा गुडघा धरला. "चला खाली, लई दुखतोय," म्हणाली. खण-नारळ जसे नेले तसे परत आणले. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर कॉलनीत जो तो विचारायला लागला. मी गुडघ्याची हकिकत सांगितली. चौथ्यांदा सांगताना जरा रंगली, की मी तर वर पोचलोच असतो, पण हिला अक्षरशः धरून उतरवावं लागलं. ती दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेली. कशाचा राग आला, देव जाणे.

तरी गुडघ्याला शेक द्या, जिना चढू देऊ नका आणि आराम पडला की पाठवून द्या. घर खायला उठतं.

तुझा दाजी,
आप्पासाहेब

ता. क. शेक राहू दे. तिचा गुडघा ठणठणीत आहे. शिडीखाली दगडावर मी बसलो होतो, डोळ्यांपुढे अंधारी आलेली. ती चार पायऱ्या वर चढलेली होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं, खाली उतरली आणि आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आपला गुडघा दुखतोय म्हणाली.

आणखी एक. खण-नारळाची पिशवी पत्रासोबत पाठवतोय. नारळात पाणी अजून वाजतंय. येत्या मंगळवारी तू तिला वर घेऊन जा. मी पायथ्याच्या बारी गावात बसून राहीन. कुणी विचारलं तर दम माझा गेला होता म्हणून सांगेन. कॉलनीत अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहून पाहिलं.