शनिवारी दोन गोष्टी केल्या

आई,

परवा सकाळी माझ्या संगणकाचा पडदा काळा झाला आणि मला आधी तू आठवलीस की ती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हे ठरवता येत नाही याचाच मला राग आलाय, म्हणून लिहायला बसले. तशी गोष्ट साधी आहे. मी अजून तीच फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम वापरते, जगभरातले लोक मिळून लिहितात ती, आणि तीही, तू घ्यायचीस तशी, कच्ची आवृत्तीच घेते, जिचं काम अजून चालू असतं. तुझ्या वेळी ती पुण्याहून सीडीवर यायची, आता चहा होईपर्यंत आपोआप उतरते. खोड मात्र तीच. नवी आवृत्ती टाकली की चित्र दाखवणारं कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांचं बिनसतं. अक्षरं येतात, चित्र येत नाही. तू वर्गात सांगायचीस, ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. संगणक काय म्हणतोय ते तो कार्डाला सांगतो, आणि दुभाषी बदलला की घरात भांडणं लागतात. हे तू सांगत असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायचे आणि तिसगावची पहिल्या बाकावर बसून मान डोलवायची.

तिसगावची. मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. तुझ्याशी बोलताना 'तुझी तिसगावची' आणि मनात त्याहून वाईट काहीतरी. ती रोज एसटीने नगरला यायची, स्टँडवरून सावेडीपर्यंत कधी ऑटोने, बऱ्याचदा चालत, आणि आपल्या पुढच्या खोलीतल्या क्लासच्या दाराशी चप्पल काढून पाय पुसून आत यायची. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून तू लवकर निवृत्ती घेतलीस आणि हा संगणकाचा क्लास काढलास, तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी तू माझ्या वाट्याला येशील. आलीस कुठे? शाळेत असताना निदान संध्याकाळी तरी घरी यायचीस. क्लास घरातच आला आणि घर संपलं.

दोनच संगणक होते. एक नंबर, ज्यावर ती नवी सिस्टीम, खिडक्या, चित्रं, रंग सगळं. आणि दोन नंबर, ज्यावर नवखी मुलं नुसतं टायपिंग शिकायची, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. दोघांच्या डोक्यावर तू विणलेले क्रोशाचे रुमाल. चर्चमधल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, बाईंनी लेकीला कधी फ्रॉक विणला नाही, मशिनींना विणलाय. त्या गमतीने म्हणायच्या. मला ते गमतीचं वाटत नव्हतं, कारण ते खरं होतं.

तुझा नियम एकच. आधी बोल, मग बदल, आणि एका वेळी एकच बदल. संगणकात काही करायचं तर आधी ते मोठ्याने सांगायचं, मग एकच गोष्ट बदलायची, मग पाहायचं. सगळ्या मुलांना तो पाठ होता. मी मात्र घरात वाढलेली. मला वाटायचं, कळलंय ना, मग बोलायचं कशाला? मी भराभर चार गोष्टी बदलायचे, तीन बरोबर निघायच्या, आणि चौथीवर तुझा हात माझ्या हातावर यायचा. "सरक तिकडे. मी करते." हे वाक्य मी तुझ्याकडून इतक्यांदा ऐकलंय की अजून कुणी पाठीमागे येऊन उभं राहिलं तरी मी खुर्ची मागे घेते. तिसगावचीला हे वाक्य तू एकदाही म्हणाली नाहीस. मी लक्ष ठेवून होते.

आणि ती खरवड. दूध तापवलं की पातेल्याची खरवड माझी, हे आपल्या घरात मी बोलायला लागायच्या आधीपासून ठरलेलं होतं. वर चिमूटभर साखर. एका दुपारी मी कॉलेजातून येते तर ही आपल्या स्वयंपाकघरात खाली बसलेली, पातेलं मांडीत, चमच्याने खरवडतेय. मला पाहून उठायला लागली. तू म्हणालीस, "बस गं तू. सकाळची एसटी चुकली तिची, उपाशी आलीय." मी म्हटलं, "मग पोळी द्यायची." "पोळी दिलीच की," तू म्हणालीस, आणि तुला खरंच कळलं नाही मी कशाबद्दल बोलतेय. तिने पातेलं माझ्यापुढे केलं. "तुमी घ्या ना ताई, लई हाय." मी नको म्हटलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. कानामागून आली अन् तिखट झाली, ही म्हण आजीच्या तोंडून ऐकली होती, त्या दिवशी तिचा अर्थ कळला.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत तू संध्याकाळची एक जादा बॅच काढणार होतीस. तुला दोन्ही वेळ झेपणार नव्हतं. एप्रिलमध्ये तू आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलंस, "तुमच्यापैकी एकीला संध्याकाळची देणार आहे. अजून ठरवलं नाही." अजून ठरवलं नाही! मला हे ऐकून हसू आलं होतं. घरची मुलगी असताना ठरवायचं काय असतं? मी मनातल्या मनात कोणत्या दिवशी काय शिकवायचं तेही योजून ठेवलं. मला ती बॅच हवी होती, कारण तू कुणालातरी शिकवायला बसवशील आणि मागे उभी राहून ऐकशील, ती मी असायला हवी होते.

मग तो शनिवार. शनिवारी दुपारी क्लास बंद करून आपण साफसफाई करायचो. रुमाल धुवायला टाकायचे, संगणकांची कॅबिनेटं उघडून रंगाच्या ब्रशने धूळ काढायची, आणि कार्डं बाहेर काढून त्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं. नगरच्या धुळीला हाच उपाय, असं तू म्हणायचीस, आणि शाळेतून आणलेली पांढरी खोडरबरं त्यात झिजवायचीस. त्या दिवशी तू दोन्ही संगणकांची कार्डं एकदमच काढलीस आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून घासत बसलीस. आम्ही दोघी दोन बाजूंना कॅबिनेट धरून होतो. मग तू ती बसवलीस, स्क्रू आवळलेस, आणि लगेच एक नंबरमध्ये पुण्याहून आलेली नवी सीडी घातलीस. तिच्या वेष्टनावर लिहिलं होतं, ही आवृत्ती अजून तयार होते आहे, रोजच्या कामाला वापरू नका. मी वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "शिजताना चाखल्याशिवाय मीठ कसं कळणार?" तासाभराने एक नंबर सुरू झाला, अक्षरं धावली, आणि चित्र यायच्या जागी पडद्यावर तिरपे पट्टे आले, मॉनिटर टक् करून वाजला आणि काळा झाला.

रविवारी चर्चहून आल्यावर साडीही न बदलता मी बसले. पप्पा नेवाशाच्या बँकेतून दर शनिवारी घरी यायचे. ते बिचारे जेवायला कधी वाढताय म्हणून दोनदा डोकावून गेले. मी मॉनिटरचे आकडे बदलले, रंग कमी केले, ड्रायव्हर बदलला, सगळं एका दमात. पट्टे आडवे झाले, एवढंच. तू मागून आलीस. "सरक तिकडे." तुलाही जमलं नाही. तू म्हणालीस, नवी आवृत्तीच वाईट आहे, आणि मला बरं वाटलं, कारण मग निदान दोष माझा नव्हता.

सोमवारी सकाळी ती आली. "बाई, ह्यो तर पार गेलाय ओ," म्हणाली आणि बसली. आता पुढचं मला आजही समोर दिसतं. ती बोलतेय, एकेक गोष्ट बदलतेय, परत पाहतेय. तू उठतेस, दोन नंबरपाशी जातेस, त्याचा रुमाल सारखा करतेस, आणि सहज मागे वाकून कॅबिनेटच्या फटीतून आत पाहतेस. तुझा खालचा ओठ दातांत जातो. मुलींच्या वहीत चूक सापडली की तुझा चेहरा असाच व्हायचा. त्याच क्षणी मलाही कळतं. कॅबिनेट मीच धरलं होतं. कार्डांची अदलाबदल झालीय! एक नंबरचं कार्ड दोन नंबरमध्ये बसलंय, आणि दोन नंबरला नुसती अक्षरंच दाखवायची असतात म्हणून तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. नवा ड्रायव्हर बिचारा पाहुण्या कार्डाशी भांडत बसलाय. मी तोंड उघडते. आणि तू माझ्याकडे पाहतेस, आणि डोळ्यांनीच मला गप्प करतेस.

मग तू स्टुलावर बसलीस, दोन्ही तळवे मांडीखाली घालून. आई, तू हात मांडीखाली घातलेस! ते पुढे जाऊ नयेत म्हणून. आणि तू थांबलीस. दुपार झाली, भात करपायला आला, तो मी जाऊन उतरवला. ती पोरगी चुकत होती, परत तेच करत होती, आणि तू नुसती "हं, मग?" म्हणत होतीस. माझ्या आयुष्यात तू इतका वेळ माझ्यासाठी कधी थांबली नव्हतीस, माझ्या बुटाची नाडीसुद्धा तूच ओढून बांधायचीस. शेवटी तिने कळफलकावरचे हात काढले. "बाई, रागावू नका, पन शनवारी आपण दोन गोष्टी केल्या. पुसलं बी, आन् नवं बी टाकलं. आपण नव्यालाच बोल लावतोय."

"व्हय?" तू म्हणालीस.

व्हय! मी लहानपणी एकदा शेजारच्यांचं ऐकून 'व्हय' म्हटलं तर तू मला दहादा 'होय' म्हणायला लावलं होतंस. तिने कॅबिनेट उघडलं, कार्डावरची अक्षरं मोठ्याने वाचली, हसली, आणि कार्डं जागच्या जागी बसवली. चित्र आलं. त्यातल्या माणसांचे चेहरे निळे दिसत होते, तो दोष मात्र खरोखर त्या कच्च्या आवृत्तीचा होता. तू टाळ्या वाजवल्यास, निळ्या चेहऱ्यांसाठी.

संध्याकाळची बॅच तिला मिळाली. मी तुला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "मला आधी कळलं होतं. तुला माहीत आहे." तू कांदा चिरत होतीस. "माहीत आहे गं. तुला येतं. पण तुझा हात थांबत नाही. पोरं चुकायला लागली की तू त्यांच्या हातातला माऊस ओढशील." मी म्हटलं, "तूपण माझ्या हातातून ओढतेसच की!" तू डोळे पुसलेस, कांद्याने असतील, आणि म्हणालीस, "तुझी गोष्ट वेगळी. तू घरची." पिकतं तिथे विकत नाही, हे मी तोवर नुसतं ऐकलं होतं. घरची असण्याचा फायदा काय, तर हातातलं ओढून घेतलं जाणं, आणि परकी असण्याचा फायदा, खरवड. पूर्ण मे महिना ती पुढच्या खोलीत शिकवत होती, "आधी बोला, मंग बदला," आणि पोरं तिच्यावर जीव टाकत होती, आणि तू मागे उभी राहून ऐकत होतीस. मी आत पोळ्या लाटत होते. चांगलं शिकवायची ती, हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतंय.

तू गेलीस त्या दिवशी ती पुण्याहून आली. मोठ्या हुद्द्यावर आहे आता. कबरीपाशी ती इतकी रडली की लोक तिलाच धरून धीर देत होते. एक बाई तर मला विचारून गेल्या, थोरली का ही? मला रडू आलंच नाही तेव्हा, तिच्यापुढे रडायचं म्हणजे पुन्हा दुसरा नंबर.

तर परवाचा पडदा. कारण मला लगेच कळलं होतं. नव्या आवृत्तीबरोबर जुना ड्रायव्हर राहून गेला होता, एक ओळ लिहिली की झालं. हे पत्र मी पाठवणार नाही, पाठवायचं कुठे, म्हणून एवढं सांगून टाकते. ती ओळ मी लिहिली नाही. मी तिला फोन लावला. असं मी नेहमी करते, पडदा गेला की. ती म्हणते, "हं ताई, आधी बोला, काय बदललं?" मी सांगते, आणि मुद्दाम चुकीच्या वाटेने जाते. ती मला अडवत नाही. तिला बहुधा केव्हाच कळलेलं असतं, उत्तर तर तिला येतंच, पण ती गप्प राहते, मधूनच "हं, मग?" म्हणते, आणि पलीकडे तिचा श्वास तेवढा ऐकू येतो. ते थांबणं तुझं आहे, आई. तू ते तिला दिलंस, मला नाही. शेजारी साखर मागायला वाटी घेऊन जावं तशी मी तिच्याकडे जाते, आणि जितका वेळ चुकत राहता येईल तितका वेळ चुकत राहते.