अक्कांच्या कॅक्टसची एकशे त्रेचाळीस पेरं

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. सायं. ६.१०
समोरच्या प्रमिलाअक्का उद्या नाशिकला मुलाकडे निघाल्या. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. भुसावळला परत येणार ते डिसेंबरात. ख्रिसमस कॅक्टसची कुंडी हेमांगीकडे (बायको) देत होत्या. मी मध्येच हात घालून घेतली. अशा कामाला शिस्त लागते.
अक्का रिटायर्ड नर्स. कुंडीतलं झाड त्यांच्या केरळच्या मेट्रनबाईंनी दिलेल्या तुकड्याचं. बावीस वर्षं दर नाताळात फुलतं. म्हणाल्या, "या वर्षी तरी चुकायला नको हो झुलालभाऊ. उन्हाळ्यात मेट्रनबाई गेल्या. आता हेच राहिलंय त्यांचं."
शब्द दिला. दीपनगरला थर्मल वीजकेंद्रात अठ्ठावीस वर्षं मीटर सांभाळतोय, तेही स्वतःचं स्वतः शिकून. कुंडी काय जड आहे?
पेरं मोजली : १४३. हॉलमध्ये कॅलेंडरखालच्या टेबलावर ठेवून अकरा फोटो काढले, अकरा कोनांतून. रेकॉर्ड.

१६ सप्टेंबर
कॅक्टस म्हणजे वाळवंट. पाणी बंद. कुंडी गच्चीवर. अक्कांनी चिठ्ठी दिली आहे : "खिडकीत ठेवा. कडक ऊन नको. माती सुकली की पाणी." अनुभव वेगळा, शास्त्र वेगळं. चिठ्ठी फाइलला लावली.

२८ सप्टेंबर. दु. २.००
गच्चीवर ४१ अंश (माझा मीटर). पेरं लालसर, सुरकुतलेली. कळ्यांची पूर्वतयारी असावी. हेमांगी वर आली. चिडली की ती पारोळ्याची, माहेरची अहिराणी बोलते. म्हणाली, "तुम्हीन त्याले भाजी टाकं." भाजलं म्हणे.
गळाली १२. शिल्लक १३१.

२९ सप्टेंबर, रविवार
अक्कांचं ऑपरेशन झालं. मुलाचा, योगेंद्रचा, मेसेज : आई झाडाचा फोटो मागतेय. आजारी बाईला आजचं झाड दाखवणं माणुसकीला धरून नाही. फोटो क्र. १ पाठवला. फोटो खराच आहे. कधीचा, ते कोणी विचारलं नाही.
अक्कांचा स्वतःचा व्हॉइस मेसेज आला, आवाज खोल : "किती छान ठेवलंय भाऊ. दर रविवारी पाठवाल?"
दर रविवारी, सकाळी ८.०० वाजता. ठरलं.

६ ऑक्टोबर, रविवार
फोटो क्र. २ गेला.
वाचन केलं. हे झाड वाळवंटातलं नाहीच. ब्राझीलच्या दमट जंगलातलं, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. नाव ठेवणाऱ्याची चूक. दमटपणा हवा. कुंडी कूलरसमोर, वीस इंचांवर. कूलर चोवीस तास चालू. हॉलमध्ये हेमांगी शाल घेऊन बसते.

१३ ऑक्टोबर, रविवार
क्र. ३. कूलरच्या खारट पाण्यानं पेरांवर पांढरा थर. शिल्लक ८८. नवं वाचन : कळ्यांसाठी रोज चौदा तास सलग अंधार. अंधार मोजून देणं हे तर माझंच क्षेत्र. गव्हाची पत्र्याची कोठी रिकामी आहे. सायं. ६ ते सकाळी ८ कुंडी आत, वर झाकण. टॉर्च लावून तपासलं, कुठेही फट नाही.
हेमांगी म्हणाली, "कोठीत गव्हाच्या किडीची पावडर राहिलीय, आधी पुसा तरी." कीड मरेल, हा फायदाच.

३ नोव्हेंबर, रविवार
क्र. ६. दिवाळीच्या गडबडीत कुंडी कोठीतून काढायची राहिली. तीन दिवस. म्हणजे सलग बहात्तर तास अंधार. जास्तीचं वाया जात नसावं.
शिल्लक १९. देठ दाबला की पाणी येतं.
हेमांगी म्हणाली, "तुमनं बठ्ठं ग्यान खरं शे, फक्त झाडले ते माहीत नई." तिनं गळालेल्यांतली दोन पेरं उचलून नेली. कशाला, विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
क्र. ९. अक्का वॉकर घेऊन दारापर्यंत चालल्या. व्हॉइस मेसेज : "रविवारची वाट बघते भाऊ." आज खरं सांगणार होतो. टाइप केलं, खोडलं. जेवण गेलं नाही.

८ डिसेंबर, रविवार
क्र. ११. संपले. अकराच का काढले? वीस काढायला हवे होते. नियोजनातली त्रुटी.
शिल्लक : काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार
क्र. ३ उलटा करून पाठवला. डावं ते उजवं. नवाच वाटतो.

१८ डिसेंबर
रजा टाकून जळगावला. तीन नर्सऱ्या. ख्रिसमस म्हटल्यावर पहिल्यानं प्लास्टिकचं झाड दाखवलं, लायटिंगसकट. दुसऱ्यानं कोरफड. तिसरा म्हणाला, "इकडच्या उन्हात ते टिकत नाही काका. ज्याच्याकडे आहे, त्यानं जीव लावून ठेवलं असेल."
परतीच्या बसमध्ये उभाच राहिलो. जागा होती.

२१ डिसेंबर, शनिवार
अक्का आल्या. काठी टेकत थेट आमच्याकडे. मी कुंडी समोर ठेवली. नुसती माती. कारणं पाठ केली होती. पाणी, हवामान, नर्सरीवाल्याचा दाखला.
अक्का कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "गणपती गेले, नवरात्र झालं, दिवाळी झाली, तुमच्या फोटोत आपला सप्टेंबरच. दुधाच्या खुणाही पंधरा तारखेपर्यंतच. मला वाटलं, हेमांगीनं दूध बंद केलं की काय. आणि शेवटच्या रविवारी तर कॅलेंडरच उलटं."
विचारलं, कधी कळलं. म्हणाल्या, "दुसऱ्याच फोटोला. वॉर्डात तीस वर्षं चार्ट वाचलेत मी."
मग बोलल्या का नाही?
"बोलले असते तर तुम्ही फोटो बंद केले असते. योगेंद्र दिवसभर कामावर. रविवारी आठला फोन वाजायचा, तेवढंच."
मी मान खाली घातली. अजून वर आलेली नाही.
हेमांगी आतून चहाचा फुटका कप घेऊन आली. मोरीच्या खिडकीत ठेवलेला. त्यात ती दोन पेरं, ताठ, हिरवी. फूल नाही. अक्कांनी बोटानं माती दाबून बघितली आणि कप तिच्याच हातात परत दिला. मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही फक्त फोटो काढा."

२५ डिसेंबर, बुधवार. स. ८.००
फाइलमधली चिठ्ठी काढून मोरीच्या खिडकीशी चिकटवली. हेमांगी म्हणाली, मला पाठ आहे.
पेरं : २. फोटो : १. फोटोत मागे कॅलेंडर मुद्दाम घेतलं. डिसेंबर, दुधाच्या खुणा आजपर्यंत.
अक्का समोरच राहतात, दार उघडं होतं, गॅलरीत बसलेल्या दिसत होत्या. तरी पाठवला. रविवार नव्हता, तरी.