औषधाचा डबा अन् अमेरिका

सोमवार, दिवे लागल्यावर

उद्या आमची नात राधा घनसावंगीला कॉलेजच्या स्पर्धेत बोलणार. अमेरिकेनं उत्तर कोरियाशी भिडावं का, असा विषय. हिचं म्हणणं, भिडू नये. ऐकून माझं डोकंच फिरलं.

म्हणलं, "एवढा मोठा देश अन् एवढुशाला भेतो? मंग मोठा कशाला झाला? लोक हसतील तुला."

"आज्जे, त्याच्याजवळ अणुबॉम्ब हाय. अन् अमेरिकेची फौज आधीच दहा ठिकाणी गुंतलीय."

"भित्री हायेस."

मंग पोरगी माझ्यापुढं येऊन बसली. "गेल्या उन्हाळ्यात चुलत आजोबा फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन आपल्या सामाईक विहिरीवर आल्ते. पाण्याची पाळी सोडा, न्हाईतर पाण्यात ओततो म्हणले. तवा तू काठी उचलली का?"

न्हाई उचलली. घरातली माणसं तीन रानांत पांगलेली. अन् ओतलं असतं तर त्याची बी गुरं मेली असती, आमची बी. मी नुसती काठावर बसून राह्यले. पाण्याची पाळी सोडली न्हाई, डब्याला हात लावला न्हाई. सांजच्याला डबा आला तसा घरी गेला.

"मंग तू भित्री व्हतीस का?"

मला या घरात आजवर कुणी गप केलं न्हाई, नवऱ्यानं बी न्हाई. हिनं केलं. तो डबा हिनं बराबर ध्यानात ठेवला, अन् नेला कुठं, तर अमेरिकेत!

तोंडावर कौतुक केलं न्हाई, डोक्यावर बसंल. एवढंच म्हणलं, "उद्या स्पर्धेत डब्याचं सांगताना चुलत आजोबाचं नाव घेऊ नको. माझं घे."