अंजनाताईचं माप

अंबरनाथ,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय अंजनाताई,
सप्रेम जय भीम.

अक्षर बघून हसशील. माझंच आहे, उजव्या हाताचं. फिजिओथेरपीच्या चैत्राली मॅडम व्यायाम म्हणून रोज एक पान लिहायला लावतात. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि फोन नरेंद्रकडे देतेस. म्हणून आजचं पान तुला.

अर्धांगवायूला सात महिने झाले. आता कॅम्प चारच्या व्यायामाच्या सेंटरच्या पायऱ्या मी एकटा चढतो. चारच आहेत. काल वर पोचलो तर माझ्यासारखेच व्यायामाला येणाऱ्या लालवानींनी टाळ्या वाजवल्या. त्यांचाही एकच हात चालतो, म्हणून मांडीवर.

तिथे धरून चालायच्या दोन दांड्या आहेत. पाइप जाड, मूठ बसेना. मी कुरकुरलो. लालवानी म्हणाले, "शिवराम साईं, फॅक्टरी में तीस साल क्या किया? बना ना!"

बारीक पाइप आणवला. डाव्या हाताने खुणा केल्या, वेल्डरने जोडलं. दांड्या झोकात झाल्या. पण फॅक्टरीची खोड, सगळ्यांना एकच माप. उंच लालवानींच्या मांडीला लागल्या, व्यायामाला येणाऱ्या बुटक्या जनूबाईंच्या छातीला.

"भाऊ, हिला लटकू काय?" जनूबाई म्हणाल्या. मॅडम हसत खालीच बसल्या.

मग खांबांना भोकं पाडून पिना घातल्या. आता दांडी ज्याच्या त्याच्या मनगटाला येते. प्रत्येक भोकाशी रंगाने नाव लिहिलंय.

ताई, एकच माप मी तुलाही लावलं होतं.

गेल्या वर्षी तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. नरेंद्र तुला व्यायामाला नेणार होता. मी म्हणालो, "सत्तरीत कशाला हाल? बसू दे आता तिला." मामाचा शब्द, त्याने ऐकला. तू खाटेवरच राहिलीस. त्याने हे तुला सांगितलं नसेल.

नरेंद्रकडून मागवून मॅडमना मी तुझा एक्स-रे दाखवला. हाड छान जुळलंय म्हणाल्या. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. बदलापूरहून रिक्षा मी ठरवतो.

तुझं नाव खांबावर लिहून ठेवलंय. भोक पाडलेलं नाही, माप नाही म्हणून. मनगटापासून जमिनीपर्यंत किती, तेवढंच कळव. रागावली असशील तर दुसरं काही लिहू नकोस.

माप उभ्यानेच घ्यावं लागतं. नरेंद्रला धर.

ड्रिल हातात घेऊन बसलेला,
तुझा शिवा