फ्लेक्सवरचा तिसरा फोटो

३ डिसेंबर
"तू न्हाई म्हण, मी हाय तुझ्या बाजूला." नंदा म्हणाली होती, नववीत. वर्गातल्या पोरींनी एकीशी बोलायचं नाही असं ठरवलेलं, मी एकटीच अडून बसले होते. मग ते वर्ष आम्ही तिघींनीच डबा खाल्ला.
आज आठवायचं कारण तिचाच मुलगा, यशराज. आमच्या अनिकेतच्या वर्गात, दहावीत. शाळेमागं या पोरांनी वर्गातल्याच विकासच्या डोक्यावर उसाच्या वाढ्यांची मोळी दिली. "चल कोयत्या, गाडी भर." रील काढायचं होतं. विकासचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडणीला कर्नाटकात, तो आजीजवळ असतो. मोबाइल अनिकेतच्या हातात दिलेला. यानं तो खिशात घातला आणि मोळी उतरवली.
जेवताना सांगितलं, ताटाकडं बघत.

५ डिसेंबर
अनिकेतला ग्रुपमधून काढलं. क्रिकेटला बोलावत नाहीत. संध्याकाळी गेटवरून कुणीतरी ओरडून गेलं, "अन्या, तू कवा निघतो बे तोडीला?" बाकीचे हसले. ही पोरं माझ्या हातची पोळी खाऊन मोठी झालीत.

८ डिसेंबर
१४ ला यशराजचा वाढदिवस. चौकात फ्लेक्स लागणार, खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या दोस्तांचे फोटो. अनिकेतला निरोप आला, फोटो दे, विषय संपला.
"मला न्हाई छापायचा."
हे शिकवतात ती संस्था नंदाच्या मालकांची. त्यामुळं ह्यांचा आवाज आधीच खाली. "एका फोटोनं काय झिजतंय तुझं?"
"मग विकासचाबी छापा म्हणा."
हे ताटावरून उठले. माझं गप्प बसणं अनिकेतनं पाहिलं.

११ डिसेंबर
विकास शाळेत येईना म्हणून अनिकेत त्याच्या घरी गेला होता. आजी म्हणाली, आईबापाकडं धाडला. "हितं कोयत्याच म्हणत्यात तर तिथंच ऱ्हाऊ दे." दहावीचं वर्ष. शाळेत कुणी विचारलंसुद्धा नाही.

१४ डिसेंबर
फ्लेक्स लागला. खालच्या रांगेत डावीकडून तिसरा अनिकेत. बाकी सगळे गॉगल लावलेले, मधे हा, ओळखपत्रावरचा, तेल लावून भांग पाडलेला. तो भांग मीच पाडला होता.
फोटो ह्यांनी दिला. "त्याच्या भल्यासाठीच केलं." बरं.
अनिकेत आदळआपट करेल वाटलं होतं. एवढंच विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"
नव्हतं. त्याला ते पटलं का, कळलं नाही.

१५ डिसेंबर
पोरं पुन्हा हाका मारायला लागली. "आला का लायनीवर?" किराणा दुकानात एक बाई म्हणाल्या, बरं झालं, मिटलं पोरांचं.
कुणीतरी फ्लेक्सचा फोटो विकासला पाठवला. तो आता अनिकेतचा फोन उचलत नाही.
"मी फाडतो ते," अनिकेत म्हणाला. हात धरून बसवला त्याला. आपल्याकडं फ्लेक्स फाडला की पुढं काय होतं, हे त्याला सांगायची गरज नाही. त्या पोरांना तर मारामारीला तेवढंच निमित्त हवंय. म्हटलं, दोन दिवस थांब, मी बोलते नंदाशी.
"ती काय करणार?"

१६ डिसेंबर
ह्यांना सांगितलं नाही. चारला जाईन, नंदा एकटी असते तेव्हा.
ती दारात येऊन हात धरेल. चहा ठेवेल. किती वाळलीस गं, म्हणेल. मग ऐकून हसेल, "पोरांचं काय मनावर घेतीस, आन् हे काय म्हणतील मला?" खाली उतरवलेला एक फोटो तिच्या घराच्या इभ्रतीला परवडणारा नाही, हे मला कळतं. नववीतलं काढायचं नाही, असं ठरवलंय. काढलं तर ती म्हणेल, आठवत न्हाई. तेवढं ऐकायची माझी तयारी नाही.
एवढंच म्हणेन: नंदे, त्या फ्लेक्सवरून माझ्या अनिकेतला काढ.