पल्लवीच्या प्लेटमधलं कडं

३ फेब्रुवारी, सोमवार

पल्लवीचं पुन्हा आलं! जंतू वाढवलेल्या प्लेटमध्ये गवती चहाच्या तेलात भिजवलेली कागदाची चकती, अन् तिच्याभोवती हे एवढं स्वच्छ कडं — जंतू साफ मेलेले. माझ्या निलगिरीभोवती जंतू मजेत! सर तिला म्हणाले, "बहु सरस!" माझी प्लेट बघून नुसतं "हं."

जळफळाट झाला. झाला तर झाला, इथे कोण वाचतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

बया घरी आली! पप्पांचा पाय बघायला. कारखान्यात कापला, साखरेमुळे जखम भरतच नाही, पू धरलाय. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. आईने तिच्यासाठी शिरा केला. मी एम.एस्सी.ला लागले तेव्हा नव्हता केला!

जाताना तिने तेलाची बाटली दिली — "काकू, फरशी पुसताना पाण्यात टाका. जंतू मरतात, मी स्वतः बघितलंय." मग आईचं सुरू — "कितली गुणी पोर शे! नई ते तू! घरमा काय लई उनी आजलोंग?" म्हणे, मी आजवर घरात काय आणलं!

६ फेब्रुवारी

बाटली देवाच्या फळीवर ठेवलीय. देवाच्या!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून पल्लवी ते स्पिरिटमध्ये कालवते. मला शंका आली. ती कतारगामची बस धरायला पळाली, तेव्हा मी नुसत्या स्पिरिटची चकती ठेवून आले.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी धावत गेले. नुसत्या स्पिरिटभोवतीही तेवढंच कडं!! जंतू मारतंय ते स्पिरिट. तेलाचं काहीच सिद्ध झालेलं नाही. एवढी साधी तपासणी बाईसाहेबांनी केलीच नाही!

आत्ता कुणाला सांगणार नाही. आईलाही नाही. मंगळवारी ती अख्ख्या विभागासमोर बोलणार आहे. तेव्हाच विचारीन, अगदी गोड आवाजात.

९ फेब्रुवारी

आरशासमोर प्रश्न म्हणून पाहिला. छान जमतोय. पप्पांना कणकण आहे. आई म्हणते, हवा बदलली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

विचारला! पल्लवीचा चेहरा पांढराफटक. सर म्हणाले, "वाह, योगिता!" — माझं नाव, सगळ्यांसमोर! बसमध्ये एकटीच हसत होते. आईला कधी सांगते असं झालं होतं.

घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या तारामावशी म्हणाल्या, पप्पांना दवाखान्यात नेलंय.

१२ फेब्रुवारी

पाय काळा पडलाय. डॉक्टर म्हणतात, कापावा लागेल. पट्टी सोडली तर गवती चहाचा वास. आई रडत म्हणाली, "गोया शनवारना संध्याकाळपाईन बंद शेतस. तेलज लावस मी." शनिवार संध्याकाळपासून गोळ्या बंद, नुसतं तेल.

मला शनिवारी सकाळी कळलं होतं.